शस्त्रक्रियेची पारख

छातीच्या आंतील दोन धमन्या बांधल्या म्हणजे तेथें अडलेलें रक्त हृदयाकडे वळेल, या उपपत्तीवर हृदयशूलासाठीं इटलींत निघालेली शस्त्रक्रिया १९५० नंतर अमेरिकेंतहि पसरली. पुष्कळ रोग्यांस आराम वाटे. एवढाच काय तो पुरावा! १९५९ सालीं सिअ‍ॅटलचे डॉ. लेनर्ड कॉब व त्यांचे सहकारी यांनीं तो कसास लावला. १७ रोग्यांपैकीं ८ जणांच्या धमन्या बांधल्या. ९ जणांच्या त्वचेस नुसती चीर दिली. कोणास काय केलें हें रोग्यांस ठाऊक नव्हतें, त्यांस पुढें तपासणाऱ्या वैद्यांसहि नव्हतें. आराम दोन्ही गटांस सारखाच पडला, आणि ती शस्त्रक्रिया लवकरच मागें पडली. त्या नऊ जणांस पुरतें न सांगतां चिरलें, हें मला खटकतें खरें. परंतु उरलेल्या आठांस तरी चिरेखेरीज अधिक काय मिळालें?