बेडूकमाशाची शेपटी

मृगाचा पाऊस पडून गेला म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अवर्षणी भागांत, कर्जत-जामखेडच्या माळांवर, खळग्यांतून पाणी सांचतें आणि थोड्याच दिवसांत त्यांत काळे बेडूकमासे वळवळूं लागतात. हें पाणी टिकणारें नसतें. तें आटण्यापूर्वीं ज्याला पाय फुटले तो तरला. बाकीचे चिखलांतच संपले. हा पालट कोण घडवितो, याचा शोध लागण्यास बराच काळ जावा लागला. आणि त्या शोधांत मुंबईंत जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचा वांटा मोठा आहे.

१९१२ सालीं गुडरनाच या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें बेडूकमाशांना जनावरांच्या निरनिराळ्या ग्रंथि खाऊं घातल्या. गळ्यांतील अवटु ग्रंथि ज्यांच्या वांट्याला आली, त्यांना अकालींच पाय फुटून माशीएवढे बेडूक तयार झाले! १९१६ मध्यें अमेरिकेंत ॲलन यानें उलट प्रयोग केला. त्यानें ती ग्रंथिच काढून टाकली, तेव्हां पिलें भरमसाट वाढलीं, पण बेडूक कांहीं झालीं नाहींत. मध्यंतरीं, १९१४ च्या नाताळच्या दिवशीं, केंडॉलनें ग्रंथींतील सत्त्वाचे स्फटिक वेगळे केले होते. हॅरिंग्टननें त्याची रचना उलगडली ती १९२६ सालीं (नगरकरांनीं हें साल भंडारदऱ्याचें धरण पुरें झाल्याचें म्हणून लक्षांत ठेवावें). त्या सत्त्वांत आयोडिनाचे चार अणु निघाले.

सत्त्व हातीं आलें, तरी तें करतें काय हें कळेना. बेडूकमासा शरीरांतील नत्राचा मळ अमोनियाच्या रूपानें पाण्यांत सोडतो. जमिनीवर येणाऱ्याला तें परवडत नाहीं, त्याला युरिया बनवावा लागतो. विस्कॉन्सिनच्या कोहेन यांनीं दाखविलें कीं, अवटूच्या सत्त्वानें पिलाच्या यकृतांत युरिया बनविणारीं विकरें, म्हणजे एन्झाइमें, अनेक पटींनीं वाढतात.

पण कशी? येथें जमशेद टाटा पुढें आले. (उद्योगपति ते निराळे.) लंडनच्या मिल हिल येथील संस्थेंत १९६३ सालीं त्यांनीं उंदरांवर दाखविलें कीं, जनुकांचा निरोप पोंचविणाऱ्या आरएनएची घडण औषधानें बंद पाडली, तर हें सत्त्व निष्प्रभ ठरतें. म्हणजे तें विकरांना चेतवीत नाहीं, तर नवीं घडवून घेतें. १९६६ मधील त्यांचा प्रयोग अधिकच विलक्षण आहे. बेडूकमाशाची तोडलेली शेपटी कांचेच्या बशींत ठेवून सत्त्व घातलें असतां ती आपोआप आक्रसते. नवीं प्रथिनें होऊं दिलीं नाहींत, तर तशीच राहते. नष्ट होण्यासाठींहि शेपटीला आधीं कांहीं घडवावें लागतें!

मनुष्याच्या गर्भाचा मेंदूहि याच सत्त्वावर पोसतो. म्हणून कांग्रा खोऱ्यांत १९५६ पासून रामलिंगस्वामींनीं मिठांतून आयोडिन देऊन पाहिलें, आणि १९६२ मध्यें गलगंड-नियंत्रणाची राष्ट्रीय योजना निघाली.

आणि माळावरचा खळगा? पाणी आटूं लागलें कीं कित्येक जातींच्या बेडूकमाशांत हें सत्त्व लौकर वाढतें. पाय घाईनें फुटतात, शेपटी झडते, आणि बाहेर पडणारा बेडूक अंगानें लहान असतो.