वाहनाचा सौदा : सारंगखेड्यापासून पिकअपपर्यंत



आपल्या व्याख्यानमालेचे दिवस आणि आपल्या जिल्ह्यात गाडी घेण्याचे दिवस जवळजवळ एकच. मिरचीचा हंगाम आटोपलेला असतो, कोणाच्या हातात पपईचे पैसे आलेले असतात, पाडवा होऊन गेलेला असतो आणि आखाजी तोंडावर आलेली असते. अशा वेळी पुष्कळ घरांत एकच विषय निघतो : यंदा पिकअप घ्यायची काय? घ्यायची तर कोणती, आणि भाव कसा पाडायचा? आज मी याच प्रश्नाचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. विषय ऐकून काहींना हसू आले असेल. इतिहास म्हणजे लढाया आणि तहनामे अशी आपली समजूत. परंतु माणसाने ओझे वाहण्यासाठी जनावर किंवा गाडी विकत घेतली, त्या व्यवहारात कोण जिंकले आणि कोण हरले, हाही इतिहासच आहे. आणि सामान्य माणसाच्या आयुष्यात तो लढायांहून अधिक वेळा घडतो.

आपला मुलूख फार जुन्या वाहतुकीच्या वाटेवर आहे. सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारी वाट बारडोली, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा अशी जात असे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने आपल्या प्रवासवर्णनात हे टप्पे ओळीने दिले आहेत. त्याचा ग्रंथ १६७६ साली प्रसिद्ध झाला. हा मनुष्य हिऱ्यांचा व्यापारी. त्यामुळे देवळे आणि राजवाडे पाहताना त्याची नजर दरावरही असे. बैलगाडी भाड्याने घेतली तर दिवसाला सुमारे एक रुपया पडतो, असे तो लिहितो. आणि आपल्या गाडीला जुंपलेल्या दोन बैलांना आपण जवळजवळ सहाशे रुपये मोजले, हेही तो सांगून ठेवतो. वाचकाला या किमतीचे आश्चर्य वाटेल हे तो जाणून आहे. म्हणून तो लगेच खुलासा करतो की, असले बैल साठ साठ दिवसांची मजल सतत दुडक्या चालीने मारतात.

या दोन आकड्यांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. भाडे रोजचा एक रुपया आणि खरेदी सहाशे रुपये; म्हणजे साधारण सहाशे दिवसांचे भाडे बैलजोडीत अडकले. त्यावर दाणावैरण, गाडीवान, आजारपण हे वेगळेच. ताव्हेर्निएला वर्षानुवर्षे फिरायचे होते, म्हणून त्याने खरेदी केली. ज्याला एकदाच आग्र्याला जायचे त्याला भाड्याची गाडी पुरे होती. गाडीच्या सौद्यातला पहिला प्रश्न हा आहे : ही गाडी वर्षातून किती दिवस चालणार? भावाचा प्रश्न त्याच्या मागून येतो. मिरचीचे चार महिने सोडले तर बाकी दिवस दारात उभी राहणारी पिकअप कितीही सवलतीत मिळाली तरी ती महागच पडते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या जवाहिऱ्याला हे उमगले होते.

याच ताव्हेर्निएने आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. दक्षिणेतल्या हिऱ्यांच्या खाणींवर व्यापारी समोरासमोर बसत. कमरबंद सोडून त्याच्याखाली एकमेकांचा हात धरीत आणि तोंडातून एक शब्द न काढता भाव ठरवीत. सबंध हात दाबला की हजार, पाच बोटे धरली की पाचशे, एक बोट म्हणजे शंभर, अर्धे बोट म्हणजे पन्नास, बोटाचे शेवटचे पेर म्हणजे दहा. चारचौघे भोवती बसलेले असत. पण काय ठरले ते कोणालाच कळत नसे.

ही पद्धत आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना मुळीच नवी वाटणार नाही. हिऱ्यांच्या खाणी गेल्या, परंतु रुमालाखालचा किंवा उपरण्याखालचा सौदा महाराष्ट्रातल्या गुरांच्या बाजारांत परवापरवापर्यंत चालत होता, आणि काही ठिकाणी आजही पाहावयास मिळतो. मधे हेडी किंवा दलाल उभा राहतो, एका हाताने विकणाऱ्याची बोटे चाचपतो, दुसऱ्या हाताने घेणाऱ्याची, आणि दोघांना जुळवून आणतो. यात सोय आहे हे नाकारता येत नाही. एका गिऱ्हाइकाला दिलेला भाव दुसऱ्याला कळत नाही, घासाघिशीत कोणाचा अपमान होत नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रुमालाच्या दोन्ही बाजू फक्त दलालाला ठाऊक असतात. दोन्ही बाजूंना जाणकार व्यापारी असतील तर चिंता नाही. एका बाजूला वर्षातून एकदाच बाजारात येणारा शेतकरी असेल तर तो रुमाल त्याच्याच डोळ्यांवर पडतो.

आता आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेकडे येऊ. शहादे तालुक्यात तापीच्या काठी एकमुखी दत्ताचे स्थान आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीपासून यात्रा भरते आणि घोड्यांच्या बाजारासाठी दूरदूरच्या प्रांतांतून सौदागर येतात. तेथे घोडा विकत घेणारा मनुष्य कसा वागतो ते पाहण्यासारखे असते. तो आधी भाव विचारीतच नाही. घोड्याचे ओठ वर करून दात पाहतो, कारण दातांवरून वय कळते. पाय उचलून खूर पाहतो. अंगावरचे भोवरे मोजतो. देवमण शुभ, अमुक भोवरा खोडीचा, असा हिशेब करतो. मग चालवून दाखवा म्हणतो, दुडकी पाहतो, रवाळ चाल पाहतो. बैलाच्या बाजारातही हेच : दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, अशी भाषा चालते आणि दाताप्रमाणे किंमत बदलते. धर्माच्या गायीचे दात पाहू नयेत हे खरे, पण पैसे मोजून घ्यायच्या जनावराचे दात पाहिलेच पाहिजेत. १९३० च्या माल विक्री कायद्यानेही मूळ सूत्र हेच धरले आहे. काही अपवाद सोडले तर मालाची पारख करणे ही घेणाऱ्याची जबाबदारी होय.

आणि पारख झाल्यावर, भाव पटला नाही तर, घेणारा उठून पुढच्या दावणीकडे चालू लागतो. माझ्या मते सबंध सौद्याचे मर्म या उठण्यात आहे. ज्याला उठून जाता येते त्याला भाव पाडता येतो; ज्याला उठून जाता येत नाही त्याला समोरचा सांगेल तो भाव द्यावा लागतो. आपल्या भागाचा इतिहास या कसोटीवर घासून पाहा.

मृग नक्षत्र चार दिवसांवर आले आणि बैल मेला, अशा शेतकऱ्याला उठून जाता येत नव्हते. तो सावकाराकडे जाई. धान्य सवाईने किंवा दिढीने मिळे, म्हणजे मणाचे सव्वा मण किंवा दीड मण फेडावे लागे. बैलाची किंमत त्याने बाजारात चोख केली असेल. परंतु त्या किमतीवरचे व्याज सावकाराच्या वहीत ठरत असे, आणि ती वही त्याला वाचता येत नसे. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो याच दुखण्यावर औषध म्हणून. आखाजीला वर्षाच्या कराराने राहणाऱ्या सालदाराची तर गोष्टच वेगळी. तेथे सौदा माणसाच्या श्रमाचाच असे, आणि मागच्या वर्षाची उचल अंगावर असल्यामुळे त्याला दुसरीकडे जाता येत नसे. १९७१-७२ च्या सुमारास शहादे भागात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी जी चळवळ उभी केली, तीत जमिनी परत मिळविण्याबरोबर मजुरीचाही प्रश्न होता. एकेकट्याला उठून जाता येत नव्हते, म्हणून सर्वांनी मिळून उठण्याचा तो प्रयत्न होता.

शेतमालाच्या बाजारातला रुमाल कायद्याने उचलला. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापसाच्या बाजारांसाठी आणि १९३९ साली एकूण शेतमालासाठी कायदा झाला. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६३ चा. नंदुरबारच्या बाजार समितीत आज लाल मिरचीच्या ढिगापुढे लिलाव मोठ्याने पुकारला जातो आणि शेतकरी तो ऐकतो, ही साधी गोष्ट नव्हे. तक्रारी पुष्कळ असतील. पण भाव कानावर पडतो, एवढे तरी झाले.

मोटारीच्या बाबतीत मात्र आपल्याकडे बराच काळ सौदाच नव्हता. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत जीप जोडण्यास प्रारंभ केला, टाटांनी जर्मन कंपनीच्या साहाय्याने १९५४ साली जमशेदपूरला मालमोटारी काढल्या. कारखाने मोजके, उत्पादनाला परवाना, आणि गिऱ्हाइके उदंड. नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि वाट पाहायची. रांगेत उभा असलेला मनुष्य भाव काय पाडणार? १९९१ नंतर ही रांग मोडत गेली. पुढे २००५ साली टाटांची एस गाडी आली आणि लोकांनी तिला ‘छोटा हाथी’ म्हटले. महिंद्रांच्या पिकअप गावोगाव दिसू लागल्या. दरम्यान १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून आपला जिल्हा वेगळा झाला आणि गाड्यांवर एम. एच. ३९ हा क्रमांक आला. आज पपई शेतातून निघते ती पिकअपमध्ये, धडगावची आमचूर चांदसैलीचा घाट उतरते ती पिकअपमध्ये, आणि लग्नाचे वऱ्हाडही पुष्कळदा त्यातच बसते, जे बसू नये.

म्हणजे गिऱ्हाइकाला उठून दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय आता पुन्हा मिळाली आहे. परंतु रुमालही परत आला आहे, आणि त्याचे नाव मासिक हप्ता. विक्रेता विचारतो, ‘महिन्याला किती झेपेल?’ आपण आकडा सांगतो, आणि त्या क्षणी आपली बोटे त्याच्या हातात जातात. एक उदाहरण घेऊ. आठ लाखांचे कर्ज, पाच वर्षांची मुदत, व्याज ‘फक्त सात टक्के’, पण सरळ दराने, म्हणजे पाचही वर्षे मूळ आठ लाखांवर. व्याज झाले दोन लाख ऐंशी हजार, एकूण फेड दहा लाख ऐंशी हजार, हप्ता अठरा हजार. आता, दर महिन्याला मुद्दल उतरत असते. उतरत्या शिल्लकेवर हिशेब केला तर हाच दर वर्षाला सुमारे साडेबारा टक्के पडतो. सात आणि साडेबारा यांतले अंतर म्हणजे आजच्या वहीतली दिढी. म्हणून गाडीची किंमत आधी ठरवावी, कर्ज वेगळे ठरवावे, आणि दर उतरत्या शिल्लकेचा आहे की सरळ, हे लेखी घ्यावे. आपल्या सहकारी किंवा राष्ट्रीयीकृत बँकेचा दर आधी विचारून जावे.

सारंगखेड्याच्या गिऱ्हाइकाप्रमाणे दातही पाहावेत. गाडीचे दात म्हणजे तिचे निर्मितीचे साल आणि महिना. चासी क्रमांकाशी पडताळून पाहावे. गेल्या वर्षी बनलेली गाडी वाईट नसते, पण तिला यंदाचा भाव देऊ नये. गाडीची चाल पाहावी ती भरलेल्या वजनाने आणि चढावर, कारण सपाट रस्त्यावर सर्वच गाड्या गुणी असतात. एकूण मंजूर वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की खरी भारक्षमता निघते; जाहिरातीपेक्षा हा आकडा खरा. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागतो, तोही खर्चात धरावा. शोरूमची किंमत, नोंदणी आणि कर, विमा, जोडसामान, आणि ‘हाताळणी’ वगैरे नावाने मागितलेली रक्कम हे सर्व सुटे सुटे लिहून मागावे. विमा त्याच दुकानातून घेण्याची सक्ती नाही. असा कागद दोन-तीन विक्रेत्यांकडून, एक नंदुरबारचा, एक धुळ्याचा, एक सुरतेचा, आणला म्हणजे आपला लिलाव आपणच पुकारला असे होते. आणि स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालविण्यास घेतलेल्या गाडीत दोष निघाला, तर ग्राहक कायद्याचे दार बंद नाही. अशा खरेदीला तो कायदा व्यापारी खरेदी मानीत नाही. म्हणून कागद जपून ठेवावेत.

शेवटी एकच सांगतो. मृग तोंडावर आल्यावर बैल घ्यायला निघालेल्या शेतकऱ्याची जी अवस्था होई, तीच अवस्था आखाजीच्या मुहूर्तालाच गाडी दारात हवी म्हणून हट्ट धरणाऱ्याची होते. मुहूर्त अवश्य पाळावा. पण पूजा मुहूर्तावर करावी आणि सौदा दोन महिने आधी, हाताला घाई नसताना करावा. ज्याच्या घरात जुनी गाडी अजून चालते आहे, त्याने आजच चौकशीस लागावे. ज्याची गाडी बंद पडली आहे, त्याने शक्य तर महिनाभर भाड्याची गाडी लावून मग बाजारात जावे. त्या महिन्याच्या भाड्यात त्याने उठून जाण्याची मोकळीक विकत घेतलेली असते. आपल्या वाडवडिलांपैकी पुष्कळांना ही मोकळीक कधी मिळाली नाही. आपल्याला मिळाली आहे, तर तिचा उपयोग करावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.