फ्लाइट रद्द झाल्याचा मेसेज तुम्हालाच येतो का? इंडिगो प्रकरण आणि तिकिटावरचा मोबाईल नंबर

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोने देशभरातल्या हजारो फ्लाइट्स रद्द केल्या. एकट्या ५ डिसेंबरला हा आकडा एक हजाराच्या वर गेला. त्या दिवशी दिल्लीहून सुटणारी इंडिगोची सगळी देशांतर्गत उड्डाणं मध्यरात्रीपर्यंत बंद होती. मोबाईल उघडला की विमानतळावर सुटकेसचे ढीग, काउंटरवर ओरडणारी माणसं आणि त्यावरचे मीम्स, दुसरं काही दिसतच नव्हतं.

मी हिंगोलीचा. आमच्या जिल्ह्यात विमानतळ नाही. सगळ्यात जवळचं नांदेड, पण तिथून उड्डाणं मोजकीच. त्यामुळे बंगळुरूला नोकरीला असलेली किंवा आखातात कामाला जाणारी इथली पोरं हैदराबाद नाहीतर संभाजीनगर गाठतात. सकाळची फ्लाइट असेल तर आदल्या रात्रीच घर सोडावं लागतं. फ्लाइट रद्द झाल्याचं पुण्या-मुंबईच्या माणसाला पहाटे कळलं तर तो कूस बदलून झोपतो. आपला माणूस तोवर बॅगा घेऊन पूर्णा जंक्शनच्या पुढे गेलेला असतो. म्हणून या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो प्रश्न साधा आहे: रद्द झाल्याचा मेसेज नेमका कुणाच्या फोनवर येतो?

आधी हे घडलं का, ते थोडक्यात. पायलटांच्या कामाच्या तासांचे नवे नियम डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. याचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. इंडिगोच्या वेळापत्रकाला पुरतील एवढे पायलट या नियमांत बसेनात आणि डिसेंबर उजाडताच सगळं कोलमडलं. तयारीला जवळपास दोन वर्षं मिळाली होती, हा पायलट संघटनांचा मुद्दा मला तरी बिनतोड वाटतो. देशातले दहापैकी साधारण सहा विमानप्रवासी याच एका कंपनीने जातात, त्यामुळे 'दुसरीकडे बघू' म्हणायलाही फार जागा नव्हती. उरलेल्या कंपन्यांची तिकिटं इतकी भडकली की सरकारला ६ डिसेंबरला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपये, कर वगैरे वेगळे. रेल्वेने ३७ गाड्यांना ११६ जादा डबे जोडले.

लोकांचा राग मात्र फक्त रद्द होण्यावर नव्हता. धुकं पडतं, यंत्र बिघडतं, हे लोक समजून घेतात. चीड आली ती तासातासाला वेळ पुढे ढकलत नेऊन शेवटी 'रद्द' सांगण्याची. बंगळुरूत नोकरी करणाऱ्या एका नव्या जोडप्याला हुबळीतल्या स्वतःच्याच रिसेप्शनला पोहोचता आलं नाही. स्टेजवरच्या खुर्च्यांत आईवडील बसले आणि नवरा-नवरी नटूनथटून स्क्रीनवर. हा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. सिंगापूरचे भारतातले उच्चायुक्त सायमन वाँग एका सहकाऱ्याच्या लग्नाला देवघरला निघाले होते, तेही अडकले आणि त्यांनी तसं एक्सवर लिहिलं. राहुल गांधींनी हा एकाधिकाराचा परिणाम असल्याची टीका केली. एवढा गलका झाल्यावर सरकारने ७ डिसेंबरच्या रात्री ८ पर्यंत सगळे रिफंड द्यायचा आदेश काढला, आणि त्या दिवसापर्यंत ६१० कोटी रुपयांचे रिफंड झाल्याचं सरकारनेच सांगितलं. ओरडल्याचा उपयोग झाला, हे मान्य करायलाच हवं.

आता मोबाईल नंबरकडे येऊ. आपल्याकडे बरीच तिकिटं अजून ओळखीच्या एजंटकडून किंवा मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानातून निघतात. "दादा, हैदराबाद-बंगळुरू एक काढा" एवढं सांगितलं की काम झालं. दुकानदार घाईत स्वतःचाच नंबर आणि ईमेल टाकतो, कधी ओटीपी चटकन मिळावा म्हणून, कधी सवयीने. तिकीट तुमच्या नावाचं असतं, पण कंपनीच्या लेखी तुमच्याशी बोलायचा रस्ता म्हणजे दुकानदाराचा फोन. वेळ बदलली, गेट बदललं, फ्लाइट रद्द झाली, सगळे मेसेज तिकडे. आणि पहाटे चारला तो झोपलेला असतो, त्याची तरी काय चूक!

याचा फटका पैशालाही बसतो. डीजीसीएच्या नियमांनुसार कंपनीने वेळेत कळवलं नाही आणि फ्लाइट रद्द झाली, तर रिफंड किंवा पर्यायी प्रवासाशिवाय भरपाईही देय असते. प्रवास एका तासापर्यंतचा असेल तर कमाल ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्याहून जास्त असेल तर १०,००० रुपये. मूळ भाडं अधिक इंधन शुल्क याहून कमी भरत असेल तर तेवढंच मिळतं. कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल, उदाहरणार्थ हवामान, तर ही भरपाई नाही. पण याच नियमांत आणखी एक ओळ आहे, जी फारसं कुणी वाचत नाही: बुकिंग करताना ज्याने पुरेसा संपर्क तपशील दिलेला नाही, त्याला आर्थिक भरपाई मिळत नाही. म्हणजे दुकानदाराने टाकलेल्या नंबरवरून उद्या वाद निघू शकतो.

उपाय दोन मिनिटांचा आहे. तिकीट हातात आलं की पीएनआर (तो सहा अक्षर-अंकांचा कोड) आणि आडनाव टाकून कंपनीच्या ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर बुकिंग स्वतः उघडा. तिथे संपर्क म्हणून कुणाचा नंबर आहे ते बघा. बदलायचा पर्याय दिसला तर लगेच बदला, नाहीतर एजंटला समोर बसवून करून घ्या. आई-वडिलांचं तिकीट असेल तर नंबर त्यांचा की तुमचा, हे आधी ठरवा. त्यांचा फोन साधा असेल तर तुमचाच टाकलेला बरा. निघण्याआधी फ्लाइट स्टेटस बघताना गुगलवर पहिल्यांदा दिसेल त्यावर न थांबता कंपनीच्या ॲपमध्ये बघा, आणि 'कॅन्सल' दिसलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा, वेळेसकट.

रिफंडच्या वेळी मात्र दुसराच धोका असतो. कंपनीचा फोन लागत नाही, मग माणूस नेटवर 'कस्टमर केअर नंबर' शोधतो, आणि भामटे नेमके तिथेच बसलेले असतात. रिफंड घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला कुणी सांगितलं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

एजंटकडे रोख पैसे दिले असतील तर रिफंड आधी त्याच्या खात्यात येतो आणि तिथून तुमच्याकडे. "कंपनीने पाठवलेच नाहीत" असं उत्तर मिळालं तर घाबरू नका. एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी, म्हणून रिफंडची जबाबदारी कंपनीचीच, असं नियम सांगतो. पैशाऐवजी पुढच्या तिकिटासाठी क्रेडिट घ्यायचं की नाही हेही तुम्हीच ठरवायचं, कंपनी ते परस्पर गळ्यात मारू शकत नाही. कंपनी दाद देत नसेल तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा ॲपवर पीएनआर आणि तो स्क्रीनशॉट जोडून तक्रार टाका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.