स्ट्रेप्टोमायसिन आणि अंतःकर्ण

यवतमाळास आमच्या आळींत एक वृद्ध गृहस्थ राहतात. अंधार पडल्यावर ते भिंतीस हात लावून चालतात, आणि त्यांच्याशीं संवाद करावयाचा तर पाटीवर लिहावें लागतें. तरुणपणीं त्यांस क्षय झाला. स्ट्रेप्टोमायसिन टोचून घेतल्यानें जीव वाचला, परंतु कान गेले व तोलही गेला. त्यांच्याच निमित्तानें या औषधाचा इतिहास मीं चाळला.

१९४३ सालीं अमेरिकेंतील रटगर्स येथें अल्बर्ट शाट्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्यास हें द्रव्य मातींतील सूक्ष्मजंतूंपासून मिळालें. १९४८ मध्यें त्याचें पेटंट शाट्झ व त्याचे गुरु सेल्मन वॅक्समन या दोघांच्या नांवें झालें. उत्पन्नाचा वांटा गुरूस खासगी रीतीनें मिळतो हें कळतांच शिष्यानें १९५० मध्यें फिर्याद लावली, आणि तडजोड होऊन त्यासही हिस्सा मिळाला. १९५२ चें नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वॅक्समन यांस मिळालें. गुरुदक्षिणेची ही तऱ्हा विलक्षणच म्हणावयाची! असो.

हा कलह पुष्कळांनीं चघळला आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती कानाची हकीकत. औषध घेणाऱ्या रोग्यांचा तोल जातो, हें हिन्शॉ व फेल्डमन यांस १९४५ मध्येंच दिसलें होतें. अंतःकर्णांतील सूक्ष्म केसाळ पेशी या औषधानें मरतात, आणि मनुष्याच्या ठायीं त्या पुन्हां उगवत नाहींत. परंतु मेनिएरच्या विकारांत याच तोल सांभाळणाऱ्या पेशी बिघडून रोग्यास भोवळीनें हैराण करितात. तेव्हां दुखऱ्या कानापुरतेंच हें विष वापरलें तर? १९५० नंतरच्या दशकांत शुकनेक्ट यांनीं पडद्याआड मध्यकर्णांत स्ट्रेप्टोमायसिन सोडलें. तेथून तें गोल गवाक्षाच्या पातळ पापुद्र्यांतून आंत झिरपतें. भोवळ थांबे, पण पुष्कळदां श्रवणही जाई. तरी हाडाच्या कोटांत शिरण्याची वाट सांपडली. पुढें याच वाटेनें स्टेरॉइड देऊं लागले, आणि गवाक्षापाशीं औषध टिकावें म्हणून नळ्यांचीं व जेलांचीं पेटंटें निघालीं.

आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीस १९५४ मध्यें स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स कारखान्यांत पेनिसिलिनमागून स्ट्रेप्टोमायसिनही होऊं लागलें. त्यानें वांचलेल्यांचें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु कांहीं कुळांत एवढ्याशा मात्रेनेंही बहिरेपण कां येतें, हें १९९३ मध्यें उलगडलें: पेशींतील एका गुणसूत्रबाह्य घटकांत दोष असतो, आणि तो केवळ मातेकडून येतो. जेंटामायसिन, अमिकासिन हीं त्याच जातीचीं औषधें आजही टोंचतात.

हें सारें मीं त्या गृहस्थांस पाटीवर लिहून दाखविलें. त्यांनीं दोनदां वाचलें. मग त्यांच्या आईसही अशाच सुयांनंतर ऐकूं येईनासें झालें होतें, असें ते म्हणाले, आणि विचारलें, “माझ्या बहिणीच्या मुलींस हें कळवावें काय?”

“आजच कळवा,” असें मीं लिहिलें.