ट्रकचालकाच्या निर्णयाचे गणित

वाहतुकीच्या गणिताचा आरंभ मोटारीपासून झाला. १९५०च्या दशकात अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या संशोधकांनी एक साधा प्रश्न समीकरणात बसवला : पुढची मोटार वेग बदलते, तेव्हा मागचा चालक काय करतो? ही समीकरणे एकाच मार्गिकेपुरती होती. मार्गिका बदलण्याच्या निर्णयाला सुसंगत चौकट मिळाली ती १९८६मध्ये, पी. जी. गिप्स यांच्या प्रारूपातून. बदल शक्य आहे का, आवश्यक आहे का आणि हितावह आहे का, असे तीन प्रश्न त्यांनी चालकाच्या मुखी घातले. या प्रारूपात अवजड वाहनही होते; पण ते प्रामुख्याने इतरांच्या निर्णयावर प्रभाव टाकणारा घटक म्हणून. ट्रक हा रस्त्यातील अडथळा होता. त्याच्या चालकाच्या निर्णयाचा स्वतंत्र विचार व्हायचा होता.

२००५मध्ये लॉस एंजेलिस व एमरिव्हिल येथील फ्रीवेंवर, उंच इमारतींवरील कॅमेऱ्यांनी प्रत्येक वाहनाचे स्थान सेकंदाच्या दहाव्या भागागणिक टिपले. याच नोंदींतून ऑस्ट्रेलियातील सारा मोरिदपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवजड वाहनांची हालचाल वेगळी काढली. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रारूपात चालकाचे ‘जवळ’, ‘दूर’, ‘पुरेसे’ असे ढोबळ अंदाज गणितात आणण्यासाठी संदिग्ध तर्कशास्त्राचा आधार घेतला होता. त्याचा पाया लोत्फी झादे यांनी १९६५मध्ये घातला होता.

या अभ्यासातून ट्रकचालकाचा वेगळेपणा स्पष्ट झाला. जलद मार्गिकेकडे जाताना तो वेगाचा लाभ पाहतो; संथ मार्गिकेकडे वळताना मात्र मागून येणाऱ्या वेगवान वाहनांची अडवणूक टाळणे हा त्याचा मुख्य हेतू असतो. वाहन लांब, वजन मोठे, वेग वाढण्यास विलंब. म्हणून मोकळ्या जागेचा त्याचा हिशेबही निराळा. ट्रकला ‘लांबलचक मोटार’ मानणारे प्रारूप येथेच फसते.

भारतात प्रश्न आणखी एक पायरी मागे जातो. मार्गिकाच पाळल्या जात नसतील, तर मार्गिका ‘बदलली’ असे केव्हा म्हणावे? चेन्नईच्या सैदापेठ भागातील मरैमलै अडिगळार पुलावर २०१४मध्ये टिपलेल्या व पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या नोंदींत वाहनांचे आडवे सरकणेही दर अर्ध्या सेकंदाला मोजले गेले. तेथे मार्गिकेऐवजी रस्त्याची संपूर्ण रुंदी आणि तीत सापडणारी फट हीच निर्णयाची एकके ठरतात. परंतु त्या प्रवाहात दुचाकींचे प्रमाण सर्वाधिक होते.

देशातील बहुतांश माल रस्त्यानेच जातो. महामार्गाची रुंदी, चढावरील जादा मार्गिका, चालकाला सावध करणारी यंत्रणा, हे सारे अशा प्रारूपांच्या आधारे ठरवता येते. कॅलिफोर्नियातील मोटारीच्या किंवा चेन्नईतील दुचाकीच्या मापाने ते ठरवले, तर चुकीची किंमत मोजावी लागेल ती ट्रकचालकाला आणि त्याच्या शेजारून जाणाऱ्याला. ज्याच्या निर्णयाचे गणित मांडायचे, नोंदी त्याच्याच हालचालींच्या हव्यात.