अंगावर काढलेल्या पाळीचा इतिहास

आपल्याकडे दुखणं "अंगावर काढणं" असं म्हणतात. ताप अंगावर काढला, खोकला अंगावर काढला. पण बाया सगळ्यात जास्त काय अंगावर काढत असतील, तर ती पाळी. महिन्याचे आठ-दहा दिवस रक्त जातंय, गाठी पडतात, चक्कर येते, तरी सोयाबीन सोंगायला जायचं, हळद काढायला जायचं. कुणी विचारलं तर "काही नाही, जरा अशक्तपणा हाय" एवढंच सांगायचं. आज मी तुम्हाला या न बोलण्याचा इतिहास सांगणार आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. पण बाईच्या दुखण्यालाही इतिहास असतो, आणि तो माहीत असला तर दवाखान्यात आपण काय बोलायचं ते कळतं.

आपलं कनेरगाव हे नाक्याचं गाव, हद्दीवरचं. आज इकडे हिंगोली जिल्हा, तिकडे वाशीम. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इकडे निजामाचं राज्य होतं आणि तिकडे इंग्रजांच्या ताब्यातलं वऱ्हाड. राज्यं दोन होती, पण पाळीच्या बाबतीत दोन्हीकडच्या बाईचे हाल सारखेच. पाळी म्हणजे विटाळ. कावळा शिवला, बाहेर बसली, अडचण आली, असे आडून बोलायचे शब्द. ज्या गोष्टीचं नावच घ्यायचं नाही, ती जास्त झाली की कमी झाली हे सांगायचं कुणाला? आणि सांगितलं तरी डॉक्टर पुरुष. त्याच्यापुढे तोंड उघडणार कोण?

हे दुखणं उघडपणे बोलून दाखवलं ते कल्याणच्या एका मुलीनं. तिचं नाव आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झालं. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, असं तिला वाटत राहिलं. १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात तिनं भाषण केलं आणि आपण अमेरिकेला डॉक्टर व्हायला का निघालो ते लोकांना सांगितलं. तिचं म्हणणं साधं होतं. या देशात बाई डॉक्टर हव्यात, कारण बाया आपलं दुखणं पुरुषाला दाखवत नाहीत. १८८६ मध्ये ती फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाली. पण परत आली ती क्षयानं खंगून. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात ती वारली, तेव्हा तिला बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. तिच्या हातून उपचार व्हायचे राहून गेले.

पण वाट पडली होती. १८८६ मध्येच मुंबईत खास बायकांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. तिथं एडिथ पीची नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आपल्या रखमाबाईंना डॉक्टर होण्यासाठी मदत केली. याच त्या रखमाबाई, ज्यांनी लहानपणी लावलेलं लग्न मानायला नकार दिला आणि कोर्टात टिकून राहिल्या. त्या लंडनला शिकून आल्या आणि सुरतेत, राजकोटला बायकांच्या दवाखान्यात कितीतरी वर्षं काम केलं. मुंबई, पुणे, सुरत इथं बाईला दाखवायला बाई मिळू लागली. खेड्यात मात्र ती मिळायला आणखी फार दिवस लागले.

आता शंभर वर्षं पुढं येऊ. गडचिरोली जिल्हा. तिथं डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताई स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या काळी सरकारला खेड्यातली बाई दोनच कारणांसाठी दिसायची, बाळंतपण आणि नसबंदी. बाकीच्या दिवसांत तिला काही होत असेल, हे कुणी धरतच नव्हतं. बंग दांपत्यानं वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायामुलींची तपासणी केली. आजारी असलेल्याच नाही, सगळ्यांना बोलावलं. निकाल १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायांना एक तरी स्त्रीरोग होता. पाळीचे त्रास होते, अंगावरून जाणं होतं, आतला संसर्ग होता. एकेका बाईला सरासरी तीनहून जास्त आजार. आणि यापूर्वी कधीतरी आतून तपासणी झालेल्या बाया किती? शंभरात जेमतेम आठ.

मैत्रिणींनो, हा आकडा नीट ऐका. म्हणजे आपल्या आयांच्या पिढीत पाळीचा त्रास नव्हता असं नाही. "आमच्या वेळी नव्हतं बाई असं काही" हे आपण ऐकतो ना, ते खरं नाही. त्रास होता, पण तो कुणी विचारला नव्हता आणि मोजलाही नव्हता.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढं एक वाईट वळण आलं. ज्या बाईचं आधी कुणी ऐकत नव्हतं, तिचं आता दोन मिनिटं ऐकून लगेच सांगायला लागले, "पिशवी काढून टाका." पिशवी म्हणजे गर्भाशय. पोरं झाली ना, मग तिचं काय काम? ठेवली तर कॅन्सर होईल. असं घाबरवलं की बाई दुसऱ्या दिवशी पैशाची जुळणी करायला लागते.

बीड जिल्ह्याचं नाव यासाठी २०१९ मध्ये देशभर गाजलं. आपल्या मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांना हे जगणं माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत फडात राबायचं. पहाटे तीनला उठायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रकमध्ये भरायच्या. एक दिवस खाडा झाला तर दंड. पाल ठोकून राहायचं, ना संडास, ना न्हाणी. अशा ठिकाणी जास्त रक्त जाणाऱ्या बाईनं काय करायचं? कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. मग "काढून टाकली की कटकट मिटली" असं तिला वाटलं, तर तिला नावं कशी ठेवणार?

त्या वर्षी विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायांची गर्भाशयं काढली गेली. मग नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. हिशेब केला तर दर सहा बायांमागे एक. सगळ्या भारताचा आकडा बघायचा तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे तीन-साडेतीन जणींची पिशवी काढलेली आढळते. तीन कुठं आणि सतरा कुठं! त्याच पाहणीत २०१५-१६ मध्ये बायांना ऑपरेशनचं कारण विचारलं होतं. निम्म्याहून जास्त जणींनी एकच कारण सांगितलं, पाळीत फार रक्त जाणं किंवा फार दुखणं.

म्हणजे मूळ दुखणं तेच, जास्त जाणारी पाळी. आणि तिच्यावर औषधं नाहीत का? आहेत. त्यातल्या एका औषधाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. दुसरं महायुद्ध संपल्यानंतर जपानमध्ये उताको ओकामोतो नावाच्या डॉक्टरीणबाई आणि त्यांचे पती संशोधन करत होते. देश उद्ध्वस्त झालेला, सामान मिळत नव्हतं. त्यांनी रक्ताचा अभ्यास निवडला, कारण रक्त कमी पडलं तर स्वतःचं काढता येईल! लहान मुलीला पाठीशी बांधून उताकोबाई प्रयोगशाळेत काम करायच्या. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायांना वाचवायचं, हे त्यांच्या मनात होतं. १९६२ मध्ये त्यांनी ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड हे औषध जगापुढं ठेवलं. बाळंतपणासाठी त्याची मोठी चाचणी २१ देशांत, २०,००० बायांवर झाली आणि गुण आल्याचं २०१७ मध्ये छापून आलं. उताकोबाई त्याच्या आदल्या वर्षी, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या होत्या. पाळीत जास्त रक्त जातं तेव्हा डॉक्टर ज्या "रक्त थांबायच्या गोळ्या" देतात, त्यात बहुतेकदा हेच औषध असतं. पण ते दुकानातून आपल्या मनानं घ्यायचं नाही. पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या बाईला ते चालत नाही.

शिवाय संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. कॉपर-टीसारखंच बसवायचं, पण औषध असलेलं साधन आहे. त्यानं पाळी बरीच कमी होते आणि ते काही वर्षं चालतं. रक्त जास्त जाण्याची कारणंही वेगवेगळी असतात. पिशवीत गाठ असते, थायरॉइड असतो, संप्रेरकांचा तोल गेलेला असतो, कधी कॉपर-टीमुळं जातं, कधी गर्भ पडलेला असतो, तर कधी खरोखरच कॅन्सर असतो. कारण न शोधता पिशवी काढणं म्हणजे छत कुठं गळतं ते न बघता घरच पाडणं.

मी गटांच्या कर्जवह्या बघते. कारणाच्या रकान्यात "दवाखाना" असं लिहिलेलं असतं आणि पुढं चाळीस हजार, पन्नास हजार. आमच्या एका गटात एकतिशीतल्या ताईनं पिशवी काढायला कर्ज मागितलं. एका खासगी दवाखान्यात एकदाच दाखवून तिला तारीख मिळाली होती. गटानं कर्ज नाकारलं नाही. एवढंच म्हटलं की आधी सरकारी दवाखान्यात दाखवून ये, आमच्यातली एक सोबत येईल. तिथं तपासलं तर अंगात रक्त जेमतेम सात, आणि पिशवीत एक लहान गाठ. लोहाची औषधं आणि गोळ्या सुरू झाल्या. चार-पाच महिन्यांत ती पुन्हा रोजानं जायला लागली. दुसऱ्या गटातल्या पन्नाशीच्या मावशींची गोष्ट उलटी. त्यांना पाळी थांबून दोन वर्षांनी पुन्हा रक्त गेलं. त्यांनी लाजेनं सहा महिने अंगावर काढलं. त्यांना ऑपरेशन लागलंच, आणि ते आधी व्हायला हवं होतं. म्हणून मी ऑपरेशन वाईट असं म्हणत नाही. गरज असेल तेव्हा ते जीव वाचवतं. गरज आहे का, हे विचारायचा हक्क मात्र आपला आहे.

या हक्काला आता आधारही आहे. बीडमध्ये पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचा नियम झाला. २०२२ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं गरज नसताना होणारी ही ऑपरेशनं रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना त्या सूचना लागू करायला सांगितलं. चाळिशीच्या आत पिशवी काढली तर त्याची नोंद आणि चौकशी व्हावी, यावर त्यात भर आहे. कारण एवढ्या लवकर काढली, त्यातही अंडाशयं काढली, तर अंगाची आग होते, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो.

आता कामाचं बोलते. एका पूर्ण पाळीत चहाच्या छोट्या कपाएवढं, म्हणजे साधारण ८० मिलिलीटरपर्यंत रक्त जाणं ठीक. पण ते मोजत कोण बसणार? म्हणून खुणा लक्षात ठेवा. तासा-दोन तासांत पॅड किंवा कापड भिजतं, रात्री बदलायला उठावं लागतं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात, सात दिवसांहून जास्त जातं, चढ चढताना धाप लागते. यातलं काहीही असेल तर दाखवायचं. तासाला एक कापड भिजत असेल आणि चक्कर येत असेल, किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा. पाळी थांबल्यावर वर्षभरानं एक थेंब जरी दिसला, तरी दाखवायचं.

दवाखान्यात जाताना तीन महिन्यांच्या पाळीच्या तारखा, किती दिवस गेलं आणि रोज किती कापडं लागली ते कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर मुलीकडून खुणा करून घ्या. उपकेंद्रात रक्त तपासून मिळतं, लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. राष्ट्रीय पाहणीत २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या शंभरातल्या ५४ बायांना रक्त कमी होतं, म्हणजे आपल्या दहाजणींच्या गटात पाच-सहा जणी. बाईचं हिमोग्लोबिन १२ हवं. आशाताईंना सोबत घ्या. आणि कुणी पिशवी काढायला सांगितलं तर चार गोष्टी विचारा. आजाराचं नाव काय, ते कागदावर लिहून द्या. सोनोग्राफीत काय दिसलं? आधी गोळ्या देऊन बघता येईल का? अंडाशयं ठेवणार का? मग तो कागद घेऊन हिंगोलीला किंवा वाशीमला, जे सोयीचं असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. दुसरं मत घेतलं म्हणून खरा डॉक्टर रागावत नाही.

आणि घरातल्या पुरुषांनाही हे भाषण ऐकवा. बायकोला दवाखान्यात न्यायचं की नाही, हे बऱ्याच घरी तेच ठरवतात. पुढच्या आठवड्यात गटाच्या बैठकीत सगळ्यांच्या हिमोग्लोबिन तपासणीचा दिवस ठरवा. नर्सताईंना आधी निरोप द्या, म्हणजे त्या सामान घेऊन येतील.