रुग्णालयातल्या ‘दाखल’ आकड्याची कुळकथा

रुग्णालयांनी आपले आकडे एकाच नमुन्यात मांडावेत, हा प्रस्ताव १८६० मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे आला. तो फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा होता. वर्षारंभी वॉर्डात असलेले, वर्षभरात दाखल झालेले, बरे होऊन गेलेले, असाध्य म्हणून परत पाठवलेले, दगावलेले आणि वर्षअखेर उरलेले असे रकाने त्यात होते. तोवर रुग्णालये आपापल्या रीतीने नोंदी ठेवत.

नमुना ठरला, तरी भागायचे कशाने हा प्रश्न उरलाच. १८६३ मध्ये नाइटिंगेल यांच्या पुस्तकात लंडनच्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर ९० टक्क्यांवर छापला गेला आणि डॉक्टर खवळले. आकडे सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांचे. त्यांनी वर्षभरातले मृत्यू एका दिवशी खाटांवर असलेल्या रुग्णसंख्येने भागले होते. वर्षभरात दाखल झालेल्या सगळ्यांनी भागले असते, तर दर कितीतरी खाली आला असता.

कोविडच्या साथीत वाद भाजकाचा राहिला नाही; दाखल कोणाला म्हणायचे, इथेच तो सुरू झाला. इंग्लंडच्या रोजच्या आकड्यात दोन गट एकत्र होते: गेल्या २४ तासांत पॉझिटिव्ह अहवालासह आलेले, आणि आधीपासून वॉर्डात असून त्या २४ तासांत पॉझिटिव्ह ठरलेले. खुब्याचे हाड मोडून आलेली आजीही त्यात मोजली जाई. व्याख्या खाटांची सोय लावणाऱ्यांच्या गरजेतून आली होती. रुग्णाला वेगळे ठेवावे लागते, मग तो कशासाठीही आलेला असो. वेल्समध्ये संशयित रुग्णही धरले जात, त्यामुळे शेजारच्या इंग्लंडशीही थेट तुलना होत नसे.

रुग्णालयातच लागण झालेल्यांसाठी इंग्लंडने दिवसांची मर्यादा घातली. दाखल झाल्यानंतर ८ ते १४ दिवसांत पॉझिटिव्ह आल्यास लागण बहुधा आतली, १५ किंवा अधिक दिवसांनी आल्यास निश्चितच आतली. २०२१ पासून ‘मुख्यतः कोविडसाठी उपचार’ घेणाऱ्यांचा आकडा वेगळा दिला जाऊ लागला. ओमिक्रॉन पसरल्यावर इतर कारणांनी आलेल्या पॉझिटिव्ह रुग्णांचा वाटा वाढला आणि एकूण आकडा फुगवलेला असल्याची टीका झाली. हे रुग्ण सरसकट वजा करणे मात्र चूकच. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्याची प्रकृती याच संसर्गाने ढासळू शकते, आणि नोंदीतले मुख्य कारण तेवढे सांगत नाही.